छत्तिसावा आठवडा, बाळाची हालचाल मंदावली आहे – मदत हवी आहे

शेवंती_चिपळूण:
नमस्कार. पहिलंच बाळंतपण आहे, ३६वा आठवडा चालू आहे. बाळंतपणासाठी माहेरी आले आहे, चिपळूणपासून बरंच आत गाव आहे. नाव घातलेलं हॉस्पिटल चिपळूणला, गाडीने तासाभराचा रस्ता. त्यात इथे दोन दिवस पाऊस नुसता कोसळतोय.

बाळाचं आतापर्यंत एक ठरलेलं होतं. दुपारी जेवून आडवी झाले की उजव्या बरगडीखाली ढुशा सुरू. रात्री झोपायच्या वेळेला तर इतका दंगा की पोटावर ठेवलेला मोबाईल हलायचा. काल संध्याकाळपासून तसं होत नाहीये. अगदीच हलत नाही असं नाही. मधूनच आळस दिल्यासारखं पोट एका बाजूला ताणतं, पण नेहमीचा जोर नाही. काल रात्रीचा दंगा झालाच नाही, आज दुपारीही जेवल्यावर शांत. मघाशी उचक्या लागल्यासारखं एका लयीत टकटक होत होतं, ते हालचालीत धरायचं का?

आई म्हणते, नवव्या महिन्यात बाळाला जागा उरत नाही, डोकं खाली बसलं की गप्प होतंच. शेजारच्या काकू म्हणाल्या गूळपाणी घे, लगेच हलेल. घेतलं, थोडं हलल्यासारखं वाटलं, पुन्हा शांत. नणंद म्हणते ठोके ऐकायचं मशीन ऑनलाइन मिळतं, ते मागव म्हणजे रोजची काळजी नको.

मागच्या सोनोग्राफीत वार पुढच्या बाजूला आहे, वजन आणि पाणी ठीक आहे असं सांगितलं होतं. बीपी, शुगर नॉर्मल. डॉक्टर उद्या सकाळी ओपीडीत भेटतील. आत्ता रात्रीचे नऊ वाजलेत. एवढ्यासाठी फोन करावा का? आणि कळा सुरू झाल्यावर तरी बाळ हलतं की नाही? कुणाला माहिती असेल तर कृपया लवकर सांगा.

मृगजा:
शेवंती, आधी फोन कर. बाकीची उत्तरं नंतर वाच. सकाळपर्यंत थांबू नकोस.

लेबररूम_सिस्टर:
मी बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे. मृगजाताईंनी सांगितलं तेच आधी कर, मग हे वाच.

जागा कमी पडते हे खरं, पण म्हणून बाळ हलायचं कमी होतं हे खरं नाही. साधारण बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत हालचाल वाढत जाते आणि पुढे प्रसूतीपर्यंत तशीच टिकते. फरक पडतो तो प्रकारात. सणसणीत लाथांऐवजी कूस वळल्यासारखं, कोपर सरकल्यासारखं जाणवतं. पण दिवसभरात बाळ जितकं जाणवायचं तितकं जाणवलं पाहिजे. तू लिहिलंस की रात्रीचा दंगाच झाला नाही. बाळाचं रोजचं वेळापत्रक मोडलं, हीच सांगण्यासारखी गोष्ट आहे.

यात एवढं घाबरवण्यासारखं काय, तेही सांगते. वारेतून मिळणारं रक्त आणि प्राणवायू कमी पडू लागला की बाळ तो मेंदू आणि हृदयासाठी राखून ठेवतं आणि हातपाय हलवणं कमी करतं. ही शांतता बाळ संकटात सापडण्याच्या कितीतरी आधी जाणवू शकते. म्हणूनच आईला जाणवलेला बदल इतका मोलाचा, कारण त्या वेळी करण्यासारखं खूप काही असतं. आणि धीर दे स्वतःला, हालचाल कमी वाटते म्हणून येणाऱ्या बहुतेक जणींचं बाळ तपासणीत ठणठणीत निघतं. पण ते तपासूनच कळतं, घरी बसून नाही.

वार पुढे असली की सुरुवातीच्या महिन्यांत लाथा कमी जाणवतात, बरोबर. पण तुझी वार गेल्या आठवड्यातही पुढेच होती आणि तेव्हा मोबाईल हलत होता. तेव्हा आत्ताच्या बदलाचं खापर वारेवर फोडू नकोस.

उचक्या मोजायच्या नाहीत. डाव्या कुशीवर निजून दोन तासांत दहा हालचाली मोजायच्या, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. ज्या बाईचं लक्ष दिवसभर कामात होतं आणि संध्याकाळी तिला शंका आली, तिच्यासाठी ते ठीक आहे. तुला बदल कालपासूनच कळला आहे, तू मोजत बसून आणखी दोन तास घालवू नकोस. दहा झाल्या म्हणजे सुटलो असंही नाही. ज्या बाळाच्या एरवी पन्नास होतात, त्याच्या दहा झाल्या तर ते कमीच.

ते मशीन मुळीच मागवू नका. बाळ अडचणीत असतानाही ठोके ऐकू येऊ शकतात. शिवाय घरी लावलं की कित्येकदा आईचीच नाडी किंवा वारेतल्या रक्ताचा आवाज ऐकू येतो आणि घरचे निर्धास्त होतात. गूळपाण्याचंही तसंच. भूक असेल तर खा, पण त्याने बाळाची परीक्षा होत नाही.

दापोलीची_आशा:
मी आशा कार्यकर्ती आहे. शेवंतीताई, रस्ता बंद असेल किंवा गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा, गरोदर बाईसाठी ती गाडी येते. तुमच्या गावच्या आशाताईंनाही उठवा, त्यांना रात्री उठवलेलं चालतं, आमचं कामच ते आहे. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट आणि रक्तगटाचा कागद एका पिशवीत घाला. नुसते ठोके कुठल्याही आरोग्य केंद्रात ऐकतील, पण एनएसटीचं (बाळ हललं की ठोके वाढतात का, ते काही वेळ नोंदवून बघायच्या तपासणीचं) मशीन सगळीकडे नसतं. निघण्याआधी फोन करून विचारा, म्हणजे पावसात दोन ठिकाणी हेलपाटा नको.

लीड्सकर_मुग्धा:
माझं दुसरं बाळंतपण इथे इंग्लंडमध्ये झालं. इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०११च्या मार्गदर्शक सूचना खास कमी झालेल्या हालचालींवरच आहेत, आणि मिडवाइफ प्रत्येक भेटीत तेच विचारते: बाळ नेहमीसारखं हलतंय का? नसेल तर रात्री दोन वाजतासुद्धा फोन करायचा, आणि तपासून सगळं ठीक निघालं आणि परत तसंच वाटलं तर परत यायचं. मी गेले तेव्हा उगाच आलीस असं कुणी म्हटलं नाही. आपल्याकडे 'डॉक्टरांना कशाला त्रास' हा जो संकोच आहे ना, तो बाळंतपणात तरी गुंडाळून ठेवायला हवा. तुझ्या आईला माझा निरोप सांग: मावशी, तुमचा अनुभव खरा आहे, पण तेव्हा तपासायची साधनं फारशी हाताशी नव्हती, आता आहेत.

शेवंती_चिपळूण:
सगळ्यांचे मनापासून आभार. हॉस्पिटलमधूनच लिहिते आहे, बाळ ठीक आहे.

डॉक्टरांनी लगेच फोन उचलला आणि एकच वाक्य बोलल्या, "विचार करू नकोस, निघ." शेजारच्यांची ईको गाडी होती, बाबा आणि आई दोघंही आले. पोहोचल्याबरोबर एनएसटी लावली. पोटावर दोन पट्टे, एक बाळाच्या ठोक्यांसाठी, एक पोट कडक होतं का ते बघायला. हातात एक बटण दिलं, बाळ हललं की दाबायचं. पहिली वीस मिनिटं कागदावरची रेघ जवळजवळ सपाटच येत होती आणि माझा अंगठा बटणावर नुसता टेकलेला. सिस्टर म्हणाल्या झोपलं असेल, बाळं वीस-चाळीस मिनिटं झोपतात, मशीन काढायचं नाही. मला डाव्या कुशीवर वळवलं. थोड्या वेळाने एक ढुशी बसली, मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी ठोक्यांचा आकडा १३५ वरून १५५ वर गेला. बाळ हललं की ठोके असे वाढले पाहिजेत, तेच त्यांना बघायचं असतं म्हणे. आईने तो आकडा स्वतः पाहिला.

मग सोनोग्राफी आणि डॉपलर (रक्तपुरवठा बघायची तपासणी) झालं. वारेचा रक्तपुरवठा चांगला आहे, पाणी मागच्यापेक्षा थोडं कमी पण हद्दीत. रात्रभर ठेवून घेतलं, दोन दिवसांनी पुन्हा एनएसटी. आणि मधे कधीही वाटलं तर सरळ यायचं, आधी विचारायचंही नाही असं सांगितलंय.

कळांचं मात्र राहिलंच. घरी कळा सुरू झाल्या तर बाळ हललं पाहिजे का? एवढा लांबचा रस्ता आहे म्हणून विचारते.

लेबररूम_सिस्टर:
फार बरं वाटलं वाचून.

हो, कळांमध्येही बाळ हलतं. बाहेर येण्यासाठी त्याला हनुवटी छातीशी घ्यावी लागते, डोकं फिरवावं लागतं, त्यामुळे ते निपचित पडून नसतं. कळ भरात असताना पोट दगडासारखं होतं, तेव्हा तुला काही कळणार नाही. दोन कळांच्या मधे लक्ष दे, तेव्हा जाणवलं पाहिजे. प्रत्येक कळेत वारेकडे जाणारं रक्त थोडा वेळ कमी होतं आणि कळ ओसरली की बाळ पुन्हा सावरतं. मधली विश्रांती बाळालाही लागते ती यासाठी. म्हणून आम्ही कळा जोरात सुरू झाल्यावर दर पंधरा ते तीस मिनिटांनी ठोके ऐकतो, आणि बाळ बाहेर ढकलायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. ते कळेत आणि कळ गेल्यावरही ऐकायचे असतात. मिनिटाला ११० ते १६० असले की ठीक.

कळा बारीक असताना पहिलटकरणीला काही वेळ घरी थांबा असं सांगतात. तुझा रस्ता लांबचा आहे आणि हा प्रसंग होऊन गेलाय, तेव्हा तुझ्यासाठी नेमकं केव्हा निघायचं हे डॉक्टरांकडून आत्ताच ठरवून घे. मात्र दोन कळांमधे बाळ जाणवेनासं झालं, पाणी हिरवट किंवा तपकिरी गेलं, किंवा रक्त जाऊ लागलं, तर कळा कितीही लांब असोत, लगेच निघायचं. आणि दाखल होताना बाळ शेवटचं केव्हा हललं ते कुणी विचारलं नाही तरी आपणहून सांग. ही रात्रीची गोष्टही सांग, एनएसटीचा कागद फाइलला लावून ठेव. ड्युटीवर त्या वेळी वेगळी सिस्टर असेल, तिला ते माहीत असायला हवं.