मोनोक्रोम कॅमेरा: जास्वंदीचं फूल आणि पान एकाच करड्या छटेत येतंय, फिल्टर कोणता?

करडी_छटा
कॅमेरा पेंटॅक्स के-३ मार्क ३ मोनोक्रोम (याचा सेन्सर रंग टिपत नाही, फक्त उजेड कमी-जास्त), लेन्स १०० मिमी मॅक्रो, फिल्टरचा व्यास ४९ मिमी. राणीच्या बागेत लाल जास्वंद काढली. डोळ्यांना फूल लालभडक, पान गर्द हिरवं. फाइलमध्ये मात्र दोन्ही जवळजवळ सारखीच करडी. कॉन्ट्रास्ट वाढवला की दोन्ही एकदमच गडद होतात. रंगीत रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) असती तर लाल स्लायडर ओढून फूल वेगळं काढता आलं असतं, इथे तो स्लायडरच नाही. ८ नंबरचा पिवळा फिल्टर लावून पाहिला, फरक नगण्य. यानंतर दादरच्या फूलबाजारात झेंडू आणि मोगरा काढायचाय. लाल घ्यावा की हिरवा?

अंधारखोली
पिवळा इथे चालणारच नाही. तो मुख्यतः निळा प्रकाश अडवतो, आणि जास्वंदीच्या पाकळीत नि पानात निळा असतो किती? दोन्हींकडून थोडाथोडाच येतो. फरक आहे तो लाल आणि हिरव्यात. पाकळीतलं लाल रंगद्रव्य हिरवा प्रकाश शोषतं, पानातलं हरितद्रव्य लाल शोषतं. फिल्टर नसला की सेन्सर दोन्हींची बेरीज करतो आणि बेरीज सारखी येते.

२५ नंबरचा लाल लावला तर फूल उजळ, पान काळपट. ११ नंबरचा हिरवा लावला तर उलट. बहुतेक जण लाल सुचवतील, मी जास्वंदीला हिरवाच सांगेन. लाल प्रकाशात ती पाकळी जवळजवळ पांढऱ्या कागदासारखी वागते: प्रकाश आरपार जातो, आत पसरतो, सावल्या भरून निघतात आणि देठाकडून कडेकडे जाणाऱ्या बारीक शिरा पुसल्या जातात. हिरव्यात पाकळी गडद येते, पण शिरा, चुण्या आणि वरची मखमली चकाकी सगळं दिसतं. मधल्या दांड्यावरचे पिवळे परागकोष त्या गडद पार्श्वभूमीवर ठिपक्यांसारखे उठून येतात. लालमध्ये तेच परागकोष पाकळीत विरघळतात.

एक्स्पोजरचा हिशेब: पिवळा ८ साधारण १ स्टॉप खातो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), हिरवा ११ सुमारे २, नारिंगी २१ सुमारे २, लाल २५ सुमारे ३. कॅमेऱ्याचं मीटर फिल्टरमधूनच मोजत असलं तरी गडद फिल्टरला त्याच्यावर विसंबू नका. एक फ्रेम काढून हिस्टोग्राम (डावीकडे सावल्या, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख) बघा. उजवीकडे अजिबात आदळू देऊ नका. रंगीत सेन्सरवर लाल, हिरवा, निळा यांपैकी एक चॅनेल जास्त उजेडाने उडाला तरी बाकीच्या दोनांतून काहीतरी परत मिळतं. इथे चॅनेल एकच, उडालं की गेलं. सावल्या मात्र हा सेन्सर भरपूर उचलू देतो, म्हणून एक्स्पोजर -०.७ स्टॉपवर ठेवून नंतर उजळवलेलं बरं.

फोकस फिल्टर लावल्यानंतरच करा. लाल फिल्टरमागे व्ह्यूफाइंडर अंधारतो आणि ऑटोफोकस किंचित पुढेमागे बसू शकतो. १:१ च्या (सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी प्रतिमा) जवळ तेवढ्यानेही परागकोष मऊ होतात. लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने फोकस करा, एफ/८ ते एफ/११ ठेवा.

फिल्टर विकत घेण्याआधी त्याच फुलाचा मोबाइलवर रंगीत फोटो काढा, कुठल्याही एडिटरमध्ये कृष्णधवल करा आणि लाल-हिरवे स्लायडर आलटून पालटून हलवा. कुठला फिल्टर लागेल ते दोन मिनिटांत कळतं. फोर्टात बोरा बझारला जुने काचेचे फिल्टर मिळाले तर उजेडासमोर धरून कडेला बुरशी आहे का ते आधी बघा, मुंबईच्या दमट हवेत ती धरतेच.

फूलगल्ली
जास्वंदीबद्दल सहमत. पण बाजारातला झेंडू वेगळा. त्याचं रंगद्रव्य निळं शोषतं. लाल आणि बराचसा हिरवा परत फेकतं. लाल किंवा नारिंगी फिल्टरमध्ये तो फटफटीत पांढरा गोळा होतो, पाकळ्यांच्या थरांमधली सावली उरतच नाही. केशरी झेंडूला हिरवा ११ लावा. पिवळा आणि केशरी झेंडू एकाच टोपलीत असतील तर हिरव्यात त्यांच्यात छटेचा फरकही दिसतो. लालमध्ये दोन्ही सारखेच.

दुसरं म्हणजे तिथला प्रकाश. पहाटे केशवसुत पुलाखाली गाळ्यांवर एलईडी असतात. पांढऱ्या एलईडीत गडद लाल फारच कमी, त्यामुळे २५ नंबर तिथे ३ स्टॉपहून जास्त खातो. लाल हवाच असेल तर नारिंगी २१ वर भागवा. निळ्या ताडपत्रीखाली तर लाल प्रकाश जवळपास पोचतच नाही, फिल्टर न लावताही झेंडू काळवंडतो. टोपली ताडपत्रीच्या कडेला, उघड्या आभाळाखाली असेल तिथेच काढा. आयएसओ ३२०० ते ६४०० बिनधास्त वापरा, या सेन्सरवर रंगाचे डाग पडत नाहीत, नुसता बारीक रवा दिसतो. शटर १/१२५ पेक्षा खाली नको, गिऱ्हाइकांचे हात टोपलीत सतत असतात.

करडी_छटा
हिरवा ११ नक्की. आणि मोगऱ्याला?

अंधारखोली
पांढऱ्याला पांढराच, कुठल्याही फिल्टरने त्याची छटा बदलत नाही. बदलते ती शेजारच्याची: हिरव्या पानावर ठेवलेला मोगरा लाल फिल्टरने जास्त उठतो, कारण पान काळं होतं. बाकी सगळं काम प्रकाशाच्या दिशेचं. एकाच बाजूने, जरा मागून येणारा मऊ प्रकाश घ्या आणि समोरच्या बाजूला काळा कार्डशीट धरा. पांढरा धरलात तर पाकळ्यांच्या कडा एकमेकींत मिसळतील. स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्यावरचा उजेड मोजणारं) सर्वात उजळ पाकळीवर धरून एक्स्पोजर +१.३ द्या, +२ च्या पुढे जाऊ नका.

एक लक्षात ठेवा: मोगऱ्याच्या कडा काही तासांत तपकिरी पडायला लागतात. तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतो, म्हणून निळ्या फिल्टरमध्ये तो काळाकुट्ट दिसतो, फिल्टरशिवाय करडा, आणि लालमध्ये बराचसा नाहीसा होतो. दुपारपर्यंत थांबावं लागलं तर लाल लावा.