दीर्घिका विझतात त्या शेजारामुळे की स्वतःच्या वजनामुळे?

खडकवासला_रात्र
आमच्या पुण्यातल्या आकाशनिरीक्षणाच्या ग्रुपवर परवा एकाने ठासून लिहिलं, की दीर्घिकेत नवे तारे बनायचे थांबतात ते तिच्या वस्तुमानामुळे आणि मधल्या कृष्णविवरामुळे, आजूबाजूला काय आहे त्याने विशेष फरक पडत नाही. त्यावर भराभर अंगठे पडले. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून धागा काढतोय, ज्यांना खोडायचंय त्यांनी जरूर खोडा.

माझा सगळ्यात मोठा पुरावा लहान दीर्घिकांचा. २०१२ मध्ये स्लोन सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या पाहणीच्या डेटावर एक पेपर आला होता, त्यात ज्यांच्यातल्या ताऱ्यांचं एकूण वस्तुमान सूर्याच्या १०० कोटी पटीहून कमी आहे अशा बुटक्या दीर्घिका तपासल्या होत्या, आणि ज्यांच्या साधारण ५० लाख प्रकाशवर्षांच्या आत कोणी मोठी दीर्घिका नाही त्या जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या तारे बनवताना सापडल्या. एकट्या राहिल्या तर विझतच नाहीत! आता आपल्या आकाशगंगेभोवती बघा, मॅगेलनचे दोन मेघ सोडले तर जवळच्या छोट्या दीर्घिकांमध्ये तारे ज्यापासून बनतात तो हायड्रोजन गॅस उरल्यासारखाच नाही, आणि बऱ्याच लांब असलेल्या लिओ टी नावाच्या अगदी चिमुकलीत मात्र तो अजून आहे. आता इथे वजन कुठून आणणार?

आणि माझं मत असं आहे की हे मुख्यतः रसद तोडून होतं. किल्ल्याला वेढा पडला की तटाला लगेच काही होत नाही, कोठारात धान्य आहे तोवर आत सगळं सुरळीत चालतं, मग धान्य संपतं. तसं मोठ्या समूहात शिरलेल्या दीर्घिकेला बाहेरून मिळणारा ताजा गॅस बंद होतो आणि आतला पुरेल तितका पुरतो. १९८० मध्ये लार्सन, टिन्सली आणि कॉल्डवेल यांनी हेच सुचवलं होतं.

वजन_आधी
ग्रुपवर लिहिणारा मीच, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

बुटक्या दीर्घिकांचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. पण विश्वातले बहुतेक तारे बुटक्यांमध्ये नाहीतच राव, ते आकाशगंगेच्या आसपासच्या वजनाच्या दीर्घिकांमध्ये आहेत. साधारण १० अब्ज वर्षांपूर्वी विश्वात तारे बनण्याचा वेग सगळ्यात जास्त होता, तेव्हापासून तो दहापटीच्या आसपास खाली आलाय, आणि ही एवढी मोठी घसरण बुटक्यांनी होत नाही. २०१० मध्ये पेंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वस्तुमानाचा परिणाम आणि परिसराचा परिणाम हे वेगवेगळे काढता येतात, आणि वजनदार दीर्घिकांमध्ये वस्तुमानाचाच हात वरचढ असतो. मोकळ्या जागेत, भोवती दाटी नसताना विझलेल्या जड लंबवर्तुळाकार दीर्घिका आहेत त्यांचं काय करणार? त्यांना कोणी वेढा घातला? हॅलोचं, म्हणजे दीर्घिकेला वेढून असलेल्या अदृश्य पदार्थाच्या गोळ्याचं, वस्तुमान सूर्याच्या सुमारे एक लाख कोटी पटीपुढे गेलं की आत पडणारा गॅस धक्क्याने तापतो, थंडच होत नाही, आणि कृष्णविवर त्याला तसाच तापता ठेवतं. शेजार दुय्यम म्हटलं ते याच अर्थाने.

कन्या_ते_चित्रा
मी दोघांच्याही विरोधात आहे. परिसर महत्त्वाचा, हे खडकवासला दादांचं बरोबर, पण रसद तोडणं वगैरे फार सौम्य झालं हो. क्लस्टरमध्ये, म्हणजे दीर्घिकांच्या मोठ्या दाट समूहात, गॅस अक्षरशः ओरबाडला जातो. गन आणि गॉट यांनी १९७२ मध्येच गणित मांडलं होतं, समोरून येणारा दाब म्हणजे बाहेरच्या गॅसची घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. कॉमा क्लस्टरमधला गॅस १० कोटी अंशांच्या घरात तापलेला आहे आणि त्यातून दीर्घिका सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटरने जातात.

कन्या क्लस्टरमधली एनजीसी ४५२२ बघा. ताऱ्यांची चकती जशीच्या तशी, जराही विस्कटलेली नाही, पण हायड्रोजनचा नकाशा वर ठेवला की गॅस फक्त मधल्या भागात उरलाय आणि बाकीचा चकतीतून एका बाजूला उचलला जाऊन बाहेर लोंबतोय. शेजारच्या दीर्घिकेने ओढलं असतं तर तारेही ओढले गेले असते, इथे गेला तो फक्त गॅस. हे बघितल्यावर हळूहळू धान्य संपतं असं मला तरी म्हणवत नाही. आणि ईएसओ १३७-००१ ची क्ष-किरणांतली शेपटी २ लाख ६० हजार प्रकाशवर्षं लांब आहे!

खडकवासला_रात्र
ताई, एनजीसी ४५२२ बद्दल वादच नाही. पण ती उदाहरणं क्लस्टरची आहेत, आणि बहुतेक दीर्घिका छोट्या गटांत राहतात, तिथे वेगही कमी आणि बाहेरचा गॅसही विरळ, त्यामुळे दाब फारसा पडत नाही. तरी तिथल्या उपदीर्घिका, म्हणजे मोठ्या दीर्घिकेभोवती फिरणाऱ्या छोट्या, विझतातच ना. शिवाय वेळेचा हिशोब बघा. २०१३ मध्ये वेट्झेल आणि मंडळींनी काढलं की मोठ्या हॅलोत शिरल्यावर दीर्घिका २ ते ४ अब्ज वर्षं पूर्वीसारखीच तारे बनवत राहते आणि नंतर अब्ज वर्षांच्या आत झपाट्याने विझते. पहिल्याच फेरीत सगळा गॅस ओरबाडला जात असता तर एवढी वाट का बघावी लागली असती?

दुसरा दाखला धातूंचा. गॅस एकदम गेला तर ताऱ्यांमधलं जड मूलद्रव्यांचं प्रमाण तिथेच गोठणार, पण ताजा गॅस बंद झाला आणि उरलेल्यातूनच तारे बनत राहिले तर प्रमाण वाढत जाणार. २०१५ मध्ये सुमारे २६ हजार दीर्घिका तपासल्या, विझलेल्यांमध्ये ते जास्तच निघालं, आणि विझायला लागलेला काळ आला ४ अब्ज वर्षं.

वजन_आधी
थांबा, इथे माझा ठाम आक्षेप आहे. त्या २६ हजारांत नुसत्या उपदीर्घिका नव्हत्या, स्वतःच्या हॅलोच्या मधोमध बसलेल्याही होत्या. धातूंवरून एवढंच सिद्ध होतं की रसद तुटली, कोणी तोडली ते नाही. माझं कृष्णविवरही हॅलो तापवून रसदच तोडतं! आणि त्याच संशोधनाला पुढे नेणारं २०२० चं काम सांगतं की नुसती रसद तुटून भागत नाही, गॅस बाहेर फेकलाही जावा लागतो.

नारायणगाव_रोड
मी रेडिओवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा टाकतो. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर, ४५ मीटरच्या ३० डिशांनी, ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला गेला. एकेकीचा सिग्नल फार क्षीण, म्हणून ७,६५३ दीर्घिकांचे सिग्नल एकत्र केले. ही दुर्बीण चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेच्या या कामातून २०२० मध्ये कळलं की त्यांच्याकडचा गॅस त्या वेगाने १-२ अब्ज वर्षंच पुरला असता. म्हणजे मोठी असो लहान असो, त्या काळातली दीर्घिका बाहेरून येणाऱ्या गॅसवरच जगत होती. मला वाटतं भांडण ‘शेजार की वजन’ असं नसून नळ कुठे बंद झाला एवढंच आहे, आणि ते प्रत्येक दीर्घिकेपुरतं वेगळं असू शकतं.

कन्या_ते_चित्रा
तसं प्रत्येकीचं वेगळं म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही, कारण जेओ२०१ आहे. एबेल ८५ या क्लस्टरमधली जेलीफिश दीर्घिका, म्हणजे ओरबाडलेल्या गॅसच्या लांब शेपट्या मागे लोंबणारी, क्लस्टरच्या मानाने वेग सेकंदाला ३ हजार किलोमीटरच्या वर. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी दुर्बिणीने तिचं अतिनील चित्र घेतलंय, त्यात मागे सुटलेल्या गॅसमध्ये नव्या ताऱ्यांचे ठिपके दिसतात, आणि मधोमध, कृष्णविवराभोवती, तारे बनणं दबलेला भाग दिसतो. बाहेरून क्लस्टरच्या गॅसचा वारा सोलतोय, आतून कृष्णविवर विझवतंय, एकाच दीर्घिकेत! २०१७ मध्ये तर ७ जेलीफिश तपासल्या त्यात ६ मध्ये कृष्णविवर जागं, म्हणजे गॅस गिळत असलेलं, होतं. मला तरी यातून असं दिसतं की हा वाराच थोडा गॅस मध्यभागी ढकलतो. मग वजन_आधी, तुमच्या कृष्णविवराला खायला घालतो तोही शेजारच.

वजन_आधी
चित्र मीही पाहिलंय आणि ते जबरदस्तच आहे. पण ७ चा नमुना, तोही सगळ्यात लांब शेपट्या बघून निवडलेला, आणि सातही दीर्घिका वजनदार, ताऱ्यांचं वस्तुमान सूर्याच्या ४ हजार कोटी पटीपासून पुढे. जड दीर्घिकांमध्ये जागी कृष्णविवरं तशीही जास्तच सापडतात.

कन्या_ते_चित्रा
म्हणूनच २०२२ मध्ये शंभरावर ओरबाडल्या गेलेल्या दीर्घिका घेऊन, तेवढ्याच वजनाच्या क्लस्टरबाहेरच्या दीर्घिकांशी तुलना केली गेली. जागी कृष्णविवरं ओरबाडलेल्यांमध्येच जास्त निघाली.

खडकवासला_रात्र
ताई, हे मात्र भारी. जड दीर्घिकांपुरतं तुमचं म्हणणं मी घेतो. पण बुटक्यांमध्ये असं कृष्णविवर सहसा सापडत नाही, त्यांना वाऱ्याने किंवा उपासमारीनेच मरावं लागतं, आणि छोट्या गटांमधला वारा पुरेसा आहे हे तुम्ही अजून दाखवलेलं नाही.

कन्या_ते_चित्रा
बुटक्यांचं गुरुत्वच इतकं कमी, त्यांना जोराचा वारा लागतो कुठे? आकाशगंगेभोवतीचा विरळ गॅससुद्धा पुरतो. उद्या आकडे मांडून टाकते.