मदत हवी आहे: जीपचा फोर-लो नीट बसत नाही

मंडळी, भोरकडच्या डोंगरात शेतावर आमची जुनी डिझेल जीप चालते. टू-हाय (फक्त मागची दोन चाकं) आणि फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) बिनतक्रार पडतात. फोर-लोला (चारही चाकं, कमी वेग पण जास्त जोर) मात्र दांडा अर्ध्यात अडतो. कधी बसलाच तर चढावर भार येताच न्यूट्रलला उडतो. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, मुख्य गिअर न्यूट्रलला ठेवूनच टाकतो. डांबरीवर फोर-व्हील कधीच लावत नाही. ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल ताजं आहे. खालून पाहिलं तर लिंकेजची (दांडा आणि केस जोडणाऱ्या रॉडची) पिन बुशमध्ये (पिनेभोवतीच्या कडीत) चांगलीच हलते. मेकॅनिक थेट केस उतरवू म्हणतोय, मला ती घाई वाटते. आधी बुश बदलून रॉडची लांबी जुळवावी का? जुळवताना दांडा कुठल्या खुणेवर ठेवायचा? भातलावणी तोंडावर आहे, कुणी हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.