रिझर्व्ह बँक एकटी ठरवत नाही

वर कुणीतरी लिहिलंय की रिझर्व्ह बँकेने मनात आणलं तर हजाराची नोट उद्या परत येईल, ते तितकंसं बरोबर नाही. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २४ मध्ये हजारच काय, पाच आणि दहा हजारांच्या नोटांचाही उल्लेख आहे, पण एखादी नोट काढायचं बंद करा असा आदेश देतं केंद्र सरकार, बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून, आणि डिझाइनलाही शेवटची मंजुरी सरकारचीच लागते. हजाराची नोट १९७८ ला रद्द होऊन २००० साली परत आलीच होती ना, म्हणजे कायद्यात दार कायमचं बंद होत नाही, हे लोक विसरतात.

नाण्यांचं तर अजून वेगळं, तिथे २०११ चा नाणे कायदा लागतो आणि सगळा अधिकार सरकारचा, रिझर्व्ह बँक फक्त वाटप करते, त्यामुळे चार आणे परत हवेत म्हणून बँकेकडे अर्ज करण्यात अर्थ नाही. एक रुपयाची नोटसुद्धा सरकारच काढते, म्हणून तिच्यावर गव्हर्नरची नाही तर वित्त सचिवांची सही असते; १९९४ ला छपाई थांबली होती ती २०१५ मध्ये पुन्हा काढली तीही सरकारनेच.