स्पेस शटलचं उड्डाण नदीकाठावरून नेमकं कसं दिसायचं? आणि लोक लाखांनी का जमायचे?

विज्ञानमंडळ_सत्र
आठवी-नववीच्या मुलांसाठी स्पेस शटलवर, म्हणजे नासाच्या १९८१ ते २०११ मध्ये उडालेल्या, माणसं नेणाऱ्या अंतराळयानांवर, दोन तासांचं सत्र ठरतंय. नासाची अधिकृत चित्रफीत सगळ्यांनी बघितलेली असते. मला दाखवायच्यात त्या प्रेक्षकांनी काढलेल्या फिती, फ्लोरिडातल्या टायटसव्हिल गावाच्या नदीकाठावरून किंवा समुद्रकिनाऱ्यावरून घेतलेल्या. त्या बघताना पडलेले प्रश्न असे:

ज्वाळा दिसते, यान वर चढतं, पण कितीतरी वेळ नुसता माणसांचा गलका ऐकू येतो. आवाज इतका उशिरा का? लोक उभे कुठे राहायचे आणि तिथून यान केवढं दिसायचं? तळाशी उसळणारा पांढरा ढग म्हणजे धूर का? शिवाय उड्डाण ऐनवेळी रद्द व्हायची एवढी धास्ती असताना लोक येत का राहिले?

ऑर्लँडोकर
आधी जागा सांगतो, बाकीचं त्यावरून उलगडत जाईल.

शटल केनेडी स्पेस सेंटरच्या ३९ए आणि ३९बी या दोन तळांवरून उडायचं. त्यांच्या पश्चिमेला मेरिट बेट, त्यापलीकडे इंडियन नदीचं रुंद, उथळ पात्र आणि पात्राच्या पश्चिम काठाला टायटसव्हिल. मध्ये एकही डोंगर नाही, उंच इमारत नाही, म्हणून फुकटात बघणाऱ्यांची पहिली पसंती हाच काठ. तिथल्या स्पेस व्ह्यू पार्कपासून ३९ए साधारण २० किमी. दक्षिणेकडे पोर्ट कॅनव्हरलजवळच्या जेट्टी पार्कपासून २२ किमी, कोको बीचपासून आणखी थोडं लांब. पास मिळाला तर बनाना नदीवरचा नासा कॉजवे, म्हणजे १० किमीच्या आसपास. बनाना क्रीकची जागा त्याहून जवळ, सव्वासहा किमी, पण ती बरीचशी पाहुण्यांसाठी राखीव असायची. पत्रकार पाच किमीवर. त्याहून जवळ कोणालाही मोकळ्यावर उभं राहू देत नसत.

आता यान केवढं दिसायचं ते. यानाला बाहेरून जोडलेली इंधनाची टाकी आणि बाजूची दोन घन इंधनाची रॉकेटं (बूस्टर) धरून सगळा सांगाडा ५६ मीटर उंच. बनाना क्रीकवरून तो जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसायचा, टायटसव्हिलहून चंद्राच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ४०० मिमीची लेन्स लावली तरी २० किमीवरून सेन्सरवर जेमतेम १.१ मिमीची प्रतिमा पडते. काठावरच्या लोकांना उड्डाणाआधी दिसायचा तो क्षितिजावरचा एक ठिपका आणि शेजारचा मनोरा. मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर फीत बघून त्यांचा विरस होईल. बूस्टरची ज्वाळा मात्र दीडशे मीटरच्या घरातली. लोक बघायचे ती ज्वाळा.

घनइंधन
वर अंतरं आलीच आहेत, त्यात आवाजाचा वेग घाला. फ्लोरिडाच्या दमट, उबदार हवेत तो सेकंदाला ३४५ मीटर धरा. टायटसव्हिलला ५८ सेकंद, कॉजवेवर २९, बनाना क्रीकला १८.

यात एक बारकावा आहे. शटलची तीन मुख्य इंजिनं उड्डाणाच्या ६.६ सेकंद आधी पेटायची, एकदम नव्हे तर सेकंदाच्या आठव्या हिश्श्याच्या अंतराने एकामागून एक. इंजिनं यानाच्या मध्यरेषेवर नसल्यामुळे त्या धक्क्याने सगळा सांगाडा बाहेरच्या टाकीच्या दिशेला कलायचा, वैमानिकांच्या कक्षापाशी सुमारे ६५ सेंटिमीटर, आणि परत सरळ व्हायचा. तो सरळ होताक्षणी दोन्ही बूस्टर पेटवले जायचे. म्हणून बनाना क्रीकवर १२व्या सेकंदाला आधी मुख्य इंजिनांची घरघर पोचायची आणि १८व्या सेकंदाला बूस्टरचा खरा दणका.

बूस्टरचा आवाज सलग नसतो. ज्वाळेतला वायू ध्वनीपेक्षा कितीतरी वेगाने बाहेर पडतो, त्यातून दाबाच्या तीव्र लहरी सुटतात आणि जवळच्यांना कडकड, तडतड ऐकू येते. जितकं लांब जाल तितके वरच्या पट्टीचे सूर हवेत विरतात आणि खालची गडगड तेवढी उरते, ती कानांपेक्षा छातीत जाणवते. फोनचा माइक ही गडगड पकडतच नाही. तेव्हा फितीत जे ऐकू येतं ते मूळ आवाजाच्या आसपासही नाही, हे मुलांना आवर्जून सांगा.

साधारण ७ सेकंदांत यान मनोऱ्याच्या वर असायचं. २,००० टनांच्या वस्तूसाठी ही गती अफाट आहे. चंद्रावर माणसं नेणारं सॅटर्न-५ रॉकेट बघितलेल्यांना शटल उडी मारल्यासारखं वाटायचं ते यामुळेच, कारण वजनाच्या मानाने शटलचा जोर जास्त होता. मनोरा ओलांडताच यान स्वतःभोवती वळून पाठीवर व्हायचं, म्हणजे टाकी वर आणि अंतराळवीर डोकं खाली. दुर्बिणीतून हे वळण स्पष्ट दिसायचं. ५० सेकंदांच्या आसपास ध्वनीचा वेग ओलांडला जायचा. टायटसव्हिलच्या काठावर पहिली गडगड पोचायची त्याआधीच यान स्वनातीत झालेलं असायचं आणि दहा-अकरा किमी उंचीवर असायचं! माझ्या मते सत्रातला सगळ्यात भारी मुद्दा हाच.

दोन मिनिटं पाच सेकंदांच्या सुमाराला, ४५ किमी उंचीवर बूस्टर सुटायचे. आकाश स्वच्छ असेल तर नुसत्या डोळ्यांनाही दोन ठिपके बाजूला होताना दिसायचे. त्यानंतर पिवळीधमक ज्वाळा नाहीच, फक्त एक पांढरा तारा. हायड्रोजन-ऑक्सिजनची ज्वाळा जवळजवळ पारदर्शक असते. दिवसा तो तारा लगेच हरवायचा, रात्री कित्येक मिनिटं दिसत राहायचा. मुख्य इंजिनं साडेआठ मिनिटांनी बंद व्हायची.

श्रुती_रसायन
ढगाबद्दल. त्याला सरसकट धूर म्हणू नका. त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे पाण्याची वाफ. तळाशेजारच्या ८८ मीटर उंच टाकीतून सुमारे ११ लाख लिटर पाणी ४० सेकंदांत खाली सोडायचे. आग विझवणं हा त्यामागचा हेतू नव्हता. इंजिनांचा आवाज काँक्रीटवर आपटून परत वर येतो आणि यानालाच इजा करतो, तो पाण्याने दबतो. १९८१ च्या पहिल्याच उड्डाणात बूस्टर पेटतानाची दाबलहर अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी निघाली आणि कोलंबिया यानाच्या उष्णतारोधक फरशा निखळल्या. त्यानंतर बूस्टरच्या ज्वाळेच्या वाटेतही पाणी सोडायची सोय केली.

दुसरी, मुख्य इंजिनांची वाफ. हायड्रोजन जळून पाणीच तयार होतं.

तिसरी बूस्टरची, आणि आकाशात लांबलचक उरणारी पांढरी शेपटी हिचीच. प्रत्येक बूस्टरमध्ये सुमारे ५०० टन घन इंधन: जवळजवळ ७० टक्के अमोनियम परक्लोरेट, १६ टक्के ॲल्युमिनियमची पूड, बाकी रबरासारखा बांधक आणि चिमूटभर आयर्न ऑक्साइड. ॲल्युमिनियम जळताना डोळे दिपवणारा प्रकाश देतो आणि त्याचं पांढरं ऑक्साइड मागे उरतं. परक्लोरेटमधून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो पाण्यात मिसळून हायड्रोक्लोरिक आम्ल बनतं. तळाजवळची झाडं त्याने करपायची, लगतच्या खाजणातले मासे मरायचे. प्रदूषणाचा प्रश्न आला तर उत्तर असं: हो, होतं, आणि त्याचा मुख्य मारा तळाजवळच्या पट्ट्यात.

तळाखाली ज्वाळांसाठी खंदक आहे. त्यात बूस्टरचा झोत एका बाजूला आणि मुख्य इंजिनांचा विरुद्ध बाजूला वळवलेला असायचा. म्हणून फितीत दोन वेगळे ढग दिसतात, एक शुभ्र आणि एक जरा मळकट. मुलांना कोणता कोणाचा ते ओळखायला लावा.

खगोल_ठाणे
गर्दीबद्दल आधी एक दुरुस्ती. दर वेळी लाखोंनी लोक नसायचे. एकूण १३५ उड्डाणं झाली. १९८५ पर्यंत तर शटल ही नेहमीची गोष्ट झाली होती, अमेरिकी वाहिन्या थेट प्रक्षेपणही टाळू लागल्या होत्या. गर्दी उसळायची ती ठरावीक वेळी: १२ एप्रिल १९८१ चं पहिलं, चॅलेंजर यानाच्या अपघातानंतरचं २९ सप्टेंबर १९८८ चं, पृथ्वीभोवती फिरलेले पहिले अमेरिकी जॉन ग्लेन यांचं ७७व्या वर्षीचं १९९८ चं, कोलंबियाच्या अपघातानंतरचं २६ जुलै २००५ चं आणि ८ जुलै २०११ चं शेवटचं. शेवटच्या वेळी साडेसात ते दहा लाख लोकांचा अंदाज वर्तवला गेला होता. रात्रीच्या उड्डाणांना ओढ वेगळीच, कारण काही क्षण सगळा किनारा दिवसासारखा उजळायचा.

आता रद्द होण्याची कारणं. डोक्यावर निरभ्र आकाश असताना उड्डाण रद्द झालं की लोकांना काही कळायचंच नाही. कारण असं की, उडल्यावर एखादं इंजिन बंद पडलं तर केनेडीच्याच धावपट्टीवर परत उतरता आलं पाहिजे. म्हणून धावपट्टीवरचा आडवा वारा १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किमीच्या वर गेलेला चालत नसे आणि ३७ किमीच्या परिघात पाऊस नको असे. शिवाय अटलांटिकपलीकडे आणीबाणीत उतरायला स्पेनमधलं सारागोसा किंवा मोरोन, नाहीतर फ्रान्समधलं इस्त्र, यांपैकी एका ठिकाणी तरी हवामान ठीक लागायचं. थोडक्यात, फ्लोरिडात ऊन पडलेलं असतानाही स्पेन-फ्रान्समधल्या पावसाने उड्डाण अडू शकायचं.

त्यात अवधी तुटपुंजा. अंतराळ स्थानकाकडे जायचं असेल तर त्याची कक्षा तळाच्या वरून जाते तेवढ्यापुरतीच दिवसातून एकदा, जेमतेम दहा मिनिटं संधी. ती हुकली की दुसऱ्या दिवशी, आणि तीही २०-२५ मिनिटं आधी.

यांत्रिक कारणांत बदनाम झाली ती हायड्रोजनची गळती. बाहेरच्या टाकीला हायड्रोजन वायू बाहेर काढणारी नळी जिथे जोडायचे, तिथलं सील उणे २५३ अंशांना आखडायचं आणि जोड किंचित तिरका असेल तर गळायचं. कोरड्या, उबदार टाकीवर तपासणी केली तर सगळं ठीक दिसायचं. दोष उघडा पडायचा तो इंधन भरताना, म्हणजे लोक काठावर येऊन बसल्यावर. २००९ मध्ये एंडेव्हर यानाचं एसटीएस-१२७ हे उड्डाण जूनमध्ये दोनदा या गळतीने अडलं, जुलैत तीनदा हवामानाने, आणि १५ जुलैला सहाव्या प्रयत्नात उडालं. १९९५ मध्ये तर सुतार पक्ष्यांनी डिस्कव्हरी यानाच्या टाकीच्या फोमला भोकं पाडली आणि यान तळावरून परत न्यावं लागलं.

सगळ्यात थरारक म्हणजे मुख्य इंजिनं पेटल्यावर संगणकाने उड्डाण थांबवणं. असं पाचदा झालं. १८ ऑगस्ट १९९४ ला शून्याला १.९ सेकंद उरले होते. काठावरच्यांना ढग उसळताना दिसला आणि यान जागच्या जागी राहिलं.

लोक का यायचे, याचं माझं उत्तर यातच आहे. आत माणसं आहेत आणि शेवटच्या दोन सेकंदांपर्यंत काहीही होऊ शकतं, हे काठावरच्या प्रत्येकाला माहीत असायचं. पडद्यावर बघताना ही धाकधूक निम्म्यावर येते.

चॅलेंजरचा विषय निघेलच, तो टाळू नका. २८ जानेवारी १९८६ ला ७३व्या सेकंदाला यान तुटलं. टायटसव्हिलच्या काठावर त्या क्षणी पोचत होता तो उड्डाणाच्या पहिल्या १५-२० सेकंदांचा आवाज. आकाशात सगळं संपलेलं आणि कानात गडगड सुरूच. बूस्टर सुटले असं अनेकांना वाटलं त्याला हेही एक कारण असणार.

विज्ञानमंडळ_सत्र
सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी विचारतो. फितीवरून मुलांना अंतर काढायला लावता येईल का? आणि असा अनुभव आज कुठे मिळतो?

घनइंधन
येतं. बूस्टर पेटतानाची चौकट पकडा, प्रकाश एकदम पिवळा-पांढरा होतो ती. तिथून गडगड सुरू होईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ०.३४५ ने गुणा, किलोमीटर मिळतात. ५३ सेकंद आले तर १८ किमी, म्हणजे बहुधा टायटसव्हिलहून घेतलेलं ३९बीवरचं उड्डाण. ३९बीवरून शेवटचं शटल डिसेंबर २००६ मध्ये उडालं, त्यानंतरची सगळी ३९एवरची.

चूक होते ती दोन ठिकाणी. एक, लोकांच्या आरडाओरड्यात आवाजाची सुरुवात बुडते, वर फोन स्वतःच ध्वनीची पातळी वरखाली करतो. ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०० हर्ट्झच्या वरचं कापून टाका, मग चढण दिसते. वाऱ्याची घरघर मात्र तिथेच असते, त्यामुळे वारा कमी असलेली फीत निवडा. दुसरं, पुष्कळ फितींत आवाज मागाहून सरकवून ज्वाळेशी जुळवलेला असतो. लांबून घेतलेल्या फितीत दोन्ही एकदम आले तर ती बाद करा.

ऑर्लँडोकर
शटलच्या सगळ्यात जवळचं आज म्हणजे नासाच्या आर्टेमिस चांद्रमोहिमेचं एसएलएस रॉकेट. मुख्य इंजिनं शटलचीच, बूस्टरही त्याच जातीचे, फक्त चारऐवजी पाच खंडांचे. १६ नोव्हेंबर २०२२ ला ते पहिल्यांदा उडालं, ३९बीवरून रात्री १:४७ ला, आणि त्याआधी ३ सप्टेंबरला हायड्रोजनच्या गळतीनेच अडलं होतं.

महाराष्ट्रातून जाण्याजोगं म्हणाल तर श्रीहरिकोटा. तिथे २०१९ पासून प्रेक्षक गॅलरी आहे, इस्रो ऑनलाइन नोंदणी घेते. निवडायला वाव असेल तर इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटचं उड्डाण निवडा. जमिनीवरून उठताना त्याचे दोन घन बूस्टरच पेटलेले असतात, प्रत्येकी २०० टन इंधनाचे आणि त्यातही ॲल्युमिनियम. मधली दोन इंजिनं सुमारे ११० सेकंदांनी, वरच पेटतात. परतीचं तिकीट बदलता येईल असं काढा. चांद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलै २०१९ ला ५६ मिनिटं उरली असताना थांबलं आणि झालं ते २२ तारखेला.