मदत हवी आहे : दहावीला २००३चे इराक युद्ध कसे शिकवावे?

तीन तासिका, प्रत्येकी ४० मिनिटे, मुले ३२. 'युद्ध योग्य की अयोग्य' असा वादविवाद घेतला की मुले ऐकीव मुद्दे घोकून येतात. त्यातून ज्या सामूहिक संहाराच्या शस्त्रांचे कारण देऊन युद्ध झाले त्यांचे साठे सापडले नाहीत हे आधीच ठाऊक, म्हणजे निकाल पहिल्या मिनिटाला लागलेला. शिवाय मृतांचे आकडे कोणते सांगावेत?

प्रतिसाद १
वादविवाद सोडा, प्रश्न बदला : '१९ मार्च २००३ला कोणाला काय ठाऊक होते?' चौघांचे आठ गट करा. प्रत्येक गटाला अर्ध्या-अर्ध्या पानाचे तीन उतारे, तारखेसकट : अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांचे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतले भाषण (५ फेब्रुवारी), संयुक्त राष्ट्रांचे मुख्य शस्त्रतपासनीस ब्लिक्स आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख एल्बरादेई यांचे अहवाल (दोन्ही ७ मार्च). इराकच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या उल्लेखावर बोट ठेवायला सांगा. पॉवेल त्या युरेनियम समृद्धीसाठी, म्हणजे अणुबाँबसाठी, आहेत म्हणतात, एल्बरादेईंना ते संभवत नाही वाटत. तपासणीच्या उरलेल्या कामाला किती वेळ लागेल, यावर ब्लिक्स म्हणतात : वर्षे नाही, आठवडेही नाही, महिने. साठे नसल्याचा २००४चा डल्फर अहवाल तिसऱ्या तासापर्यंत काढू नका. 'आपल्याला आज माहीत आहे' असे कोणी म्हणालेच, तर त्या कागदाची तारीख विचारा.

प्रतिसाद २
यात सुरक्षा परिषदेचे ठराव घाला, पण बातमीतला सारांश नको, मूळ कलमे द्या. १९९०च्या (इराकने कुवेत बळकावल्यानंतरच्या) ठराव ६७८मध्ये 'सर्व आवश्यक मार्ग' वापरायची मुभा आहे, २००२च्या १४४१मध्ये 'गंभीर परिणाम' एवढाच इशारा. युद्धाच्या वैधतेचा अर्धा वाद या दोन शब्दप्रयोगांत आहे. भाषांतर सैल झाले की फरकच पुसला जातो, म्हणून मूळ इंग्रजी ओळ शेजारी छापा. (ब्रिटनचा युक्तिवाद ६७८ पुन्हा जिवंत झाला असा होता. वेळ असेल तरच.)

प्रतिसाद ३
आकडा एकच देऊ नका. 'इराक बॉडी काउंट' हा मृतांची नोंद ठेवणारा प्रकल्प बातम्या व नोंदींत आलेले नागरिकांचे हिंसक मृत्यू मोजतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातले २००६चे सर्वेक्षण घरोघरी विचारून एकूण अतिरिक्त मृत्यूंचा (युद्धाआधीच्या प्रमाणापेक्षा जास्त झालेल्या) अंदाज काढते, सुमारे ६,५५,०००. त्या अंदाजावर बरीच टीकाही झाली. 'कोण, कधीपर्यंत, कसे मोजले' असे तीन रकाने आखून द्या. सैनिक किंवा इराकी यांच्या भूमिका मात्र वठवायला लावू नका. हसू होते, आणि ज्याच्या घरी कोणी सैन्यात आहे ते मूल गप्प बसते.

धागाकर्ता
पॉवेल आणि एल्बरादेई एकदमच द्यायचे का?

प्रतिसाद १
नाही. आधी पॉवेल, दहा मिनिटे. मुलांनी मत वहीत शाईने लिहिले की मग दुसरा.