प्रतिसाद: लहान इंजिन, तरी पिकअपचं अ‍ॅव्हरेज कमी का?

इंजिन लहान, मग डिझेल कमी का लागत नाही, हा वरचा प्रश्न रास्त आहे. नवी मुंबईच्या तुर्भे मार्केटमधून १५०० किलो कांदा भरून पिकअप ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला लागली की लहान इंजिनाला खालच्या गिअरमध्ये, पूर्ण एक्सिलरेटरवरच ओढावं लागतं. ओढायचं वजन मोठ्या इंजिनाइतकंच, म्हणून डिझेलही जवळपास तेवढंच.

त्यात टर्बो-इंटरकूलरच्या होजची (इंजिनाला दाबाची हवा नेणाऱ्या पाइपची) क्लिप ढिली असली तर हवा गळते, काळा धूर येतो, ताकद जाते. जोडावर तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ दिसली की आधी तिथेच पाना लावा. एअर फिल्टरही बघाच.

मागच्या एकाच चाकाचा ब्रेक ड्रम जास्त तापतोय? बहुतेक ब्रेक चिकटतोय, त्यानेही डिझेल जास्त जातं. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा, मोकळं फिरतंय का बघा.

आणि अ‍ॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजा, डिस्प्लेवरचं धरू नका.